हरवलेला दाखला आणि राहिलेली लस

शिरूर तालुक्यातील केंदूर हे संत कान्हूराज पाठक यांचे गाव. पाबळ, शिक्रापूर आणि केंदूरच्या पट्ट्यात व्यापार करणाऱ्या अनेक कुटुंबांचे घर आणि दुकान आजही एकाच छपराखाली असते. पुढे गादी आणि वजनकाटा, मागे स्वयंपाकघर, बाजूला धान्याची थप्पी. जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी मांजर आपण होऊन येत असे, राहत असे आणि एक दिवस दिसेनासे होत असे. त्याची नोंद ठेवावी असे कोणाच्या मनातही येत नसे.

आता चित्र बदलले आहे. पुण्यात नोकरी करणारा भाचा परगावी बदलून जातो आणि त्याचे मांजर मामाच्या घरी येते. एखादी वृद्ध शेजारीण निवर्तते आणि तिची दोन मांजरे समोरच्या दुकानदाराच्या ओट्यावर येऊन बसतात. शाळेतून परतणारी मुले रस्त्याकडेचे पिल्लू उचलून आणतात. मांजर घरात येते, पण त्याचे कागद येत नाहीत. लसीकरणाची पुस्तिका जुन्या घराच्या रद्दीत गेलेली असते किंवा मुळात कधी केलेलीच नसते. पहिल्या घरचे लोक सांगतात, ‘इंजेक्शन दिले होते, पण कोणते आणि केव्हा ते आठवत नाही.’

अशा वेळी घरात तीन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की झालीच असेल, पुन्हा कशाला? दुसरे असे, की एकदा झालेली लस पुन्हा दिली तर मुक्या जिवाला अपाय होईल. तिसरे असे, की मांजर घरातच असते, त्याला कसला रोग होणार? ही तिन्ही मते सद्भावनेतून येतात आणि तिन्ही चुकीची आहेत.

नोंद नाही, तर लस नाही

व्यापारी कुटुंबाला यातील मूळ तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पावती नाही, वहीत नोंद नाही, तर रक्कम जमा धरली जात नाही. देणारा कितीही प्रामाणिक असला तरी हिशेब स्मरणावर चालत नाही. पशुवैद्यकशास्त्राचा नियमही हाच आहे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या लसीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्या मांजराच्या लसीकरणाचा लेखी पुरावा नाही, ते मांजर लस न झालेले समजावे आणि त्याचे लसीकरण आरंभापासून करावे.

माणसांच्या बाबतीतही हाच दंडक आहे. ज्याने पूर्वी रेबीजविरोधी लसीचा पूर्ण क्रम घेतला आहे आणि ज्याच्याजवळ त्याचा कागद आहे, त्याला पुन्हा प्राणी चावल्यास शून्याव्या (सुरुवातीच्या) आणि त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची अशी दोनच इंजेक्शने पुरतात. कागद नसेल तर पूर्ण क्रम नव्याने घ्यावा लागतो.

मात्र वहीखात्याशी असलेले हे साम्य एका ठिकाणी संपते. हिशेबात एकच रक्कम दोनदा लिहिली गेली तर तो दोष ठरतो. लसीत तसे नाही. आधी लस झालेल्या निरोगी मांजराला तीच लस पुन्हा दिली, तर शरीर तिला ओळखते आणि असलेली प्रतिकारशक्ती अधिक बळकट होते. दुबार मात्रेने सहसा हानी होत नाही; राहून गेलेल्या मात्रेने प्राण जाऊ शकतात. म्हणून संशय असेल तेव्हा लस द्यावी, हाच दयेचा आणि व्यवहाराचाही मार्ग होय.

कागद शोधावा, पण वाट पाहू नये

नव्याने लस द्यायची असली तरी जुन्या नोंदीचा शोध दोन-चार दिवस अवश्य घ्यावा. पहिल्या घरच्या मंडळींना ते मांजर कोणत्या दवाखान्यात नेत असत हे विचारावे. पुष्कळ पशुवैद्य आपल्याकडील नोंदवहीत किंवा संगणकात मालकाच्या दूरध्वनी क्रमांकावरून नोंद ठेवतात, त्यामुळे एका फोनने काम होऊ शकते. जुन्या मोबाईलमधील छायाचित्रांत पुस्तिकेचे पान सापडते. त्या पानावर लसीच्या बाटलीवरील चिकटपट्टी, तुकडी क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांची सही असेल, तर तो ग्राह्य पुरावा मानावा. ‘लस दिली’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी पुरेशी नाही.

काही मांजरांच्या एका कानाचे टोक सरळ कापलेले दिसते. नसबंदी झालेले मांजर ओळखता यावे म्हणून अनेक ठिकाणी ही खूण केली जाते. त्या वेळी रेबीजची लसही दिली गेली असण्याचा संभव असतो. तरीही कापलेला कान हा नसबंदीचा पुरावा आहे, लसीचा नव्हे. शिवाय ती लस कोणत्या वर्षी दिली हे कान सांगत नाही.

मांजराच्या त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असू शकते. दवाखान्यातील वाचकयंत्राने तिचा पंधरा अंकी क्रमांक कळतो आणि त्यावरून पूर्वीचा मालक व दवाखाना यांचा माग लागू शकतो. चिपमध्ये लसीची माहिती मात्र साठवलेली नसते. शहरातून आलेल्या मांजराची ही तपासणी एकदा करून घ्यावी.

पहिली भेट: वय, प्रकृती आणि विलग खोली

नवे मांजर घरी आल्यावर त्याला किमान दहा ते पंधरा दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावे, विशेषतः घरात आधीपासून दुसरे मांजर असेल तेव्हा. त्याची खाण्याची भांडी आणि मातीचे घमेले वेगळे असावे. कोणता आजार आत दडलेला असेल तर तो बहुधा याच काळात उघड होतो.

त्यानंतर पशुवैद्याकडे जावे. पुस्तिका नसली तरी वयाचा अंदाज दातांवरून बांधता येतो. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे पुढचे दात येऊ लागतात, साडेतीन ते चार महिन्यांच्या सुमारास कायमचे पुढचे दात येतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सर्व कायमचे दात पूर्ण होतात. पुढील सारे वेळापत्रक वयावर अवलंबून असल्याने ही तपासणी महत्त्वाची आहे.

याच भेटीत जंतनाशक औषध देणे, पिसवा पाहणे, वजन आणि ताप मोजणे ही कामे होतात. मांजर तापलेले, जुलाबाने थकलेले किंवा अन्न टाकलेले असेल, तर डॉक्टर लस पुढे ढकलतात. मादी असेल तर ती गाभण आहे का, हे आवर्जून पाहावे. पुढे सांगितलेल्या तिहेरी लसीत बहुधा दुर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. ती गाभण मांजरीला दिल्यास पोटातील पिल्लांच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. रस्त्यावर वाढलेल्या बोक्याची, विशेषतः ज्याच्या अंगावर भांडणाच्या जखमा आहेत अशाची, ल्युकेमिया आणि मांजरांतील प्रतिकारशक्ती घटवणाऱ्या विषाणूसाठी रक्ततपासणी करावी का, हेही डॉक्टरांना विचारावे.

कोणती लस, किती वेळा

मांजरासाठी भारतात दोन लसी प्रमुख मानल्या जातात. पहिली तिहेरी लस. ती पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंपासून संरक्षण देते. हर्पिस आणि कॅलिसी यांनी मांजराला सर्दी, डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण असा त्रास होतो. पॅनल्यूकोपेनिया त्याहून भयंकर आहे. त्यात उलट्या व जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि कोवळे पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावू शकते. त्याचा विषाणू घरात, पोत्यांत, फरशीच्या फटींत वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो आणि चपलांच्या तळव्यांवरून आत येतो. म्हणूनच ‘मांजर घरातच असते’ हे कारण टिकत नाही. ज्या घरात पूर्वी एखादे मांजर अशा आजाराने गेले असेल, तेथे नवे पिल्लू लस पूर्ण होण्यापूर्वी आणू नये. जागा आधी साबणाने धुऊन नंतर पाण्यात विरळ केलेल्या ब्लीचने पुसावी आणि पूर्ण कोरडी होऊ द्यावी.

पिल्लाला ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पुन्हा देतात. इतक्या वेळा का, असा प्रश्न अनेकांना पडतो. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जे संरक्षण मिळते, तेच लसीलाही निष्प्रभ करते. हे संरक्षण कोणत्या पिल्लात कधी संपेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून त्या काळात ठरावीक अंतराने मात्रा दिल्या जातात, जेणेकरून त्यांपैकी एक तरी योग्य वेळी लागू पडेल. कागद नसलेल्या मोठ्या मांजराला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा दिल्या जातात आणि पुढची मात्रा वर्षाने येते. त्यानंतरचे अंतर लसीच्या प्रकारानुसार डॉक्टर ठरवतात.

दुसरी लस रेबीजची. ती बारा आठवड्यांनंतर देतात. कागद नसलेल्या मांजराला एक मात्रा तत्काळ आणि पुढची वर्षाने, हा सर्वसाधारण क्रम आहे. रेबीजचा उपद्रव असलेल्या भागात काही पशुवैद्य दोन ते चार आठवड्यांनी आणखी एक मात्रा देतात. त्यानंतर तारीख चुकवू नये.

रक्त तपासून प्रतिकारशक्ती मोजावी आणि मगच लस द्यावी, असेही कोणी सुचवतात. पॅनल्यूकोपेनियाबाबत अशी तपासणी उपयोगी ठरू शकते. मात्र तिचा खर्च बहुधा लसीहून अधिक असतो आणि रेबीजबाबत देशांतर्गत व्यवहारात ती लसीच्या नोंदीची जागा घेत नाही.

प्रश्न केवळ मांजराचा नाही

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात आणि संशयित प्राण्याने चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. हा रोग मुख्यतः कुत्र्यामुळे पसरतो, हे खरे. परंतु शेतशिवारात फिरणाऱ्या मांजराची गाठ पिसाळलेल्या कुत्र्याशी, मुंगसाशी किंवा कोल्ह्याशी पडू शकते. तेच मांजर संध्याकाळी घरातील नातवाच्या मांडीवर येऊन बसते.

अनोळखी मांजर पकडताना ओरखडा किंवा चावा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जावे. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण त्या दहा दिवसांसाठी माणसाचे उपचार थांबवायचे नसतात. मांजर दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर उर्वरित इंजेक्शनांबाबत डॉक्टर निर्णय घेतात.

घरातील ज्येष्ठांना पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील आणि त्या आठवणीने आजही भय वाटत असेल. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून तयार होत असे. तिच्यामुळे जीवहिंसाही होई आणि काही रुग्णांना मज्जासंस्थेचे गंभीर विकारही होत. तिचे उत्पादन भारतात २००५ च्या सुमारास थांबले. आजची माणसांची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. ती दंडात दिली जाते आणि तिच्या मात्राही चार-पाचच असतात.

गोव्याचा धडा

ज्यांचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नाही अशा हजारो प्राण्यांना लस देता येते का, याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथे राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने वाड्या-वस्त्यांवर फिरून कुत्र्यांना दरवर्षी लस देण्याची मोहीम चालवली. कोणत्या कुत्र्याला पूर्वी लस झाली होती हा प्रश्न अडसर मानला गेला नाही. दिसेल त्याला लस द्यायची, त्याच्या अंगावर रंगाची खूण करायची आणि त्या जागेची नोंद मोबाईलवर करायची, अशी पद्धत होती. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. त्याआधीची तीनहून अधिक वर्षे तेथे माणसांतील एकाही रेबीज मृत्यूची नोंद झालेली नव्हती. जुनी नोंद नसल्याने गोव्याचे काम अडले नाही. नवी नोंद काटेकोर ठेवल्याने ते यशस्वी झाले.

व्यापारी समाजाला ही दृष्टी परकी नाही. मुंबईत भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ मध्ये दंगा झाला आणि त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व जैन-हिंदू व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. त्या काळी दयेचे साधन चारा, पाणी आणि आसरा हेच होते. आजच्या काळात त्या साधनांत लसीची भर पडली आहे.

गावात लस कशी मिळवावी

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी चालते. तेथे मांजराची तिहेरी लस उपलब्ध असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही चौकशी करता येते. तिहेरी लसीसाठी बहुधा शिरूर, राजगुरुनगर किंवा पुण्याच्या बाजूच्या खासगी पशुवैद्यांकडे जावे लागते. गावातील चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवला आणि डॉक्टरांनाच बोलावले, तर खर्च वाटला जातो आणि मांजरांना प्रवासाचा त्रासही होत नाही.

पुण्याहून लसीची बाटली आणून घरीच टोचण्याचा मोह मात्र टाळावा. लस दोन ते आठ अंश तापमानातच ठेवावी लागते. उन्हात तापलेली किंवा बर्फात गोठलेली लस वरून तशीच दिसते, पण निकामी होऊ शकते. अशी लस टोचली तर मांजर सुरक्षित आहे असा खोटा भरवसा निर्माण होतो आणि तो लस नसण्यापेक्षाही घातक ठरतो.

लस दिल्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. चेहऱ्यावर सूज, उलटी किंवा धाप दिसल्यास लगेच उपचार करता येतात. घरी आल्यावर एक-दोन दिवस मांजर सुस्त राहिले, थोडे कमी खाल्ले, तर घाबरू नये. टोचलेल्या जागी आलेली गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटीमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल, तर डॉक्टरांना दाखवावी. अंग गरम लागले म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मात्र कदापि देऊ नये. माणसाचा ताप उतरवणारी ही गोळी मांजराच्या शरीरात विषासारखी काम करते आणि एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

काही कुटुंबांतील मुले-मुली परदेशी स्थायिक होतात आणि पुढे मांजर तिकडे नेण्याचा विचार करतात. युरोपीय संघातील देश आणि ब्रिटन येथे भारतातून मांजर नेताना आधी मायक्रोचिप आणि मग रेबीजची लस, हा क्रम अनिवार्य आहे. चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस तेथे ग्राह्य धरली जात नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे लागते आणि रक्त काढल्यानंतर तीन महिने थांबावे लागते. म्हणजे ही तयारी प्रवासाच्या सहा महिने आधी सुरू करणे श्रेयस्कर. कागद हरवलेल्या मांजराचे लसीकरण नव्याने करायचेच असेल, तर त्याच वेळी आधी चिप बसवून घेतल्यास पुढचा खर्च आणि काळ दोन्ही वाचतात.

नवी वही

जुना दाखला सापडो अथवा न सापडो, नवा दाखला मात्र हरवू देऊ नये. पहिल्या लसीच्या दिवशीच डॉक्टरांकडून पुस्तिका मागून घ्यावी. तिच्यात मांजराचे नाव, रंग, अंदाजे वय, नर की मादी, अंगावरील ओळखीची खूण आणि चिप असल्यास तिचा क्रमांक लिहावा. प्रत्येक लसीसमोर बाटलीवरील चिकटपट्टी, तारीख, पुढची तारीख, सही आणि शिक्का असावा. तिचे छायाचित्र घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावे आणि पुढची तारीख दुकानातील दिनदर्शिकेवर लिहून टाकावी. घरातील मुलांकडे हे काम सोपवल्यास ते आनंदाने करतात आणि मुक्या जिवाची जबाबदारी म्हणजे काय, हे त्यांना उपदेशावाचून उमगते.

मांजर पुढे दुसऱ्या घरी जाण्याची वेळ आलीच, तर त्याच्यासोबत ती पुस्तिकाही द्यावी. म्हणजे पुढच्या घराला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.